नायसियाच्या आधीही तो प्रभूच होता

नाताळ किंवा ईस्टर जवळ आला की एक मजकूर हटकून फोनवर येतो. कधी कुणी चिडवायला पाठवतं, कधी खरोखर प्रश्न पडलेला एखादा विश्वासीच पाठवतो आणि खाली लिहितो, ‘हे खरं आहे का?’ मजकूर थोडक्यात असा: “येशू हा एक भला गुरू होता. त्याला देव मानण्याची कल्पना कुणाच्या स्वप्नातही नव्हती. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ.स. 325 मध्ये नायसियाच्या परिषदेत मतदान घेतलं आणि थोड्या मतांच्या फरकाने येशूला देव ठरवलं, कारण साम्राज्याला एक धर्म हवा होता. येशू स्वतः कधी तसं म्हणाला नाही. उलट बायबलच त्याला ‘उत्पत्तीत ज्येष्ठ’ म्हणजे निर्माण केलेला म्हणतं. ख्रिस्ताचं हे सर्वोच्च स्थान सत्तेसाठी रचलेलं आहे, साध्या माणसाच्या जगण्याशी त्याचा काही संबंध नाही.”

मी हे गंभीरपणे घेतो, कारण यातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं. आणि पाठवणाऱ्याला ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असं सांगून गप्प करणं मला पटत नाही. त्याने प्रश्न विचारलाय, त्याला उत्तर मिळायला हवं.

“मतदानाने देव ठरवलं.”

नायसिया (आजच्या तुर्कस्तानात) इथे बिशपांची परिषद झाली, कॉन्स्टंटाईनने बोलावली आणि तो हजरही होता, हे सगळं खरं. पण वाद कशावर होता? अलेक्झांड्रियाच्या मंडळीतला धर्मगुरू आरियस काय शिकवत होता ते पाहा. ख्रिस्त जगाच्या आधीपासून आहे, त्याच्याद्वारे सगळं निर्माण झालं, तो बाकी सर्व निर्मितीहून श्रेष्ठ आहे, इतकं आरियसलाही मान्य होतं. त्याचं म्हणणं एवढंच की पुत्राला आरंभ आहे, ‘एक वेळ अशी होती की तो नव्हता’. म्हणजे ‘भला गुरू की देव’ असा प्रश्न त्या सभेत कुणीच मांडलेला नव्हता. ज्याची सगळेच उपासना करत होते तो पित्याच्याच तत्त्वाचा आहे की नाही, हा प्रश्न होता, आणि सभेचं उत्तर होतं: आहे. आणि थोड्या मतांचा फरक? जमलेल्या शेकडो बिशपांपैकी अखेरपर्यंत आरियसच्या बाजूने राहून सही नाकारणारे दोन होते.

बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची तेही तिथेच ठरलं, अशी पुरवणी हल्ली या मजकुराला जोडलेली असते. तो विषय नायसियात निघालाच नव्हता.

“त्याआधी कुणी देव मानत नव्हतं.”

इथे मला थोडं थांबायचंय, कारण याचं सर्वांत भक्कम उत्तर ख्रिस्ती माणसाने लिहिलेलं नाही.

इ.स. 112 च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमी अधिकारी बिथुनिया आणि पंत या प्रांताचा कारभार पाहत होता. बारीकसारीक गोष्टीही सम्राट त्रायानला विचारणारा माणूस. एका पत्रात तो कळवतो की नायसिया शहरातलं नवं नाट्यगृह खचतंय, भिंतींना भेगा पडल्यात. होय, तेच नायसिया. ते त्याच प्रांतात होतं. दुसऱ्या एका पत्रात तो ख्रिस्ती लोकांविषयी विचारतो. चौकशीत त्याला कळलं ते असं: हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र आळीपाळीने गातात. त्याने दोन दासींचा छळ करून माहिती काढली. मंडळीत त्या ‘सेविका’ म्हणून ओळखल्या जात होत्या. संशयितांची परीक्षाही त्याने ठरवून टाकली होती: आमच्या देवांचा धावा करा, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहा, ख्रिस्ताला शाप द्या. जे खरोखर ख्रिस्ती असतात त्यांना यातलं काहीही करायला लावता येत नाही, असं तो स्वतःच लिहितो.

म्हणजे ज्या शहरात ‘देव बनवला गेला’ असं सांगतात, त्याच प्रांतात त्याच्या दोनशे वर्षं आधी दासी त्याच देवासाठी छळ सोसत होत्या. त्यांना यातून कुठलं साम्राज्य मिळणार होतं?

2005 मध्ये इस्राएलात मगिद्दो इथल्या तुरुंगाच्या आवारात खोदकाम करताना एक फरशी सापडली. रंगीत खड्यांची नक्षी, मधोमध मासे आणि ग्रीक अक्षरांतले लेख. त्यांतला एक सांगतो की देवावर प्रीती करणाऱ्या अकेप्टस नावाच्या स्त्रीने ‘देव येशू ख्रिस्ताला’ स्मरण म्हणून हे मेज अर्पण केलं. ‘देव’, ‘येशू’, ‘ख्रिस्त’ हे शब्द तोडून लिहिलेत आणि वर आडवी रेघ ओढलीये. पवित्र नावं लिहिण्याची त्या काळच्या ख्रिस्ती लोकांची हीच रीत होती. उत्खनन करणाऱ्यांनी ही फरशी इ.स. 230 च्या आसपासची ठरवली. कॉन्स्टंटाईनचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

आणि याहून मागे जायचं तर पहिल्या पिढीतला प्रेषित पौल याची पत्रं आहेत. फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र येशूच्या वधस्तंभानंतर साधारण तीस वर्षांच्या आतलं. त्याच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल असं म्हटलंय. हे शब्द यशयाच्या 45 व्या अध्यायातले आहेत आणि तिथे ते परमेश्वर स्वतःविषयी बोलतो. एकच देव मानणाऱ्या, परूशी या कडक धर्मनिष्ठ पंथाच्या शिस्तीत वाढलेल्या यहुदी माणसाने ते शब्द उचलून येशूच्या ठायी ठेवले. याच पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी एक शब्द भाषांतर न करता तसाच ठेवलाय: मारानाथा, ‘आमच्या प्रभू, ये’. ग्रीक पत्रात हा अरामी शब्द आला कुठून? अरामी बोलणाऱ्या अगदी पहिल्या विश्वासी लोकांच्या प्रार्थनेतून. त्यांच्या ओठांवर तो आधीच होता.

“येशू स्वतः कधी म्हणाला नाही.”

‘मी देव आहे, माझी उपासना करा’ हे वाक्य या शब्दांत शुभवर्तमानांत नाही, हे मी मान्य करतो. पण मार्कचा दुसरा अध्याय उघडा. छप्पर उकलून खाली सोडलेल्या पक्षघाती माणसाला येशू म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे पंडित, मनात म्हणतात, एका देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचा तर्क बरोबर होता. ‘तुमचा गैरसमज झाला, मी फक्त शिक्षक आहे’ असं म्हणून येशूला तो प्रसंग तिथेच मिटवता आला असता. त्याने उलट त्या माणसाला उठवून चालायला लावलं, आणि तेही ‘मला हा अधिकार आहे हे तुम्हांला कळावं म्हणून’.

मला यापेक्षाही बोलकी वाटते ती थोमाची गोष्ट. पुन्हा उठलेल्या येशूला पाहून ‘माझा प्रभू आणि माझा देव’ असं हा शिष्य म्हणतो तेव्हा येशू त्याला अडवत नाही. आता हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाशी ताडून पाहा. कर्नेल्य नावाचा रोमी शताधिपती पायांवर पडतो तेव्हा येशूचा शिष्य पेत्र त्याला उठवतो: ऊठ, मीही माणूसच आहे. लुस्त्र गावचे लोक पौल आणि बर्णबा यांना देव समजून बळी द्यायला निघतात तेव्हा ते दोघे कपडे फाडत गर्दीत शिरतात. अशी भक्ती वाट्याला आल्यावर देवभीरू यहुदी माणूस काय करतो ते आपल्याला ठाऊक आहे. येशूने ते केलं नाही.

“उत्पत्तीत ज्येष्ठ म्हणजे निर्माण केलेला.”

कलस्सैकरांस पत्र, 1:15. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘प्रथम जन्मलेला’ असा होतो, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण स्तोत्र 89 मध्ये देव दाविदाविषयी म्हणतो की मी त्याला ज्येष्ठ करीन, पृथ्वीवरच्या राजांत सर्वोच्च करीन. दाविद इशायाचा सर्वांत धाकटा मुलगा. तो ‘ज्येष्ठ’ झाला तो मानाने. आपणही ‘ज्येष्ठ कवी’ म्हणतो तेव्हा कुणी जन्मदाखला मागत नाही. आणि पौल पुढच्याच ओळीत कारण देतो: कारण त्याच्या ठायी सर्व काही निर्माण झालं. निर्मितीच्या यादीत त्याचं नाव घालायचं असतं तर हे ‘सर्व काही’ लिहिताच आलं नसतं.

“हे सत्तेसाठी रचलेलं आहे.”

सम्राटाच्या सोयीसाठी हा सिद्धांत आला असेल, तर सम्राटांनी तो सांभाळायला हवा होता. झालं उलटंच. कॉन्स्टंटाईनने पुढे आरियसला परत बोलावलं आणि नायसियाची बाजू लावून धरणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसला 335 मध्ये हद्दपार केलं. 337 मध्ये मरणाआधी त्याने बाप्तिस्मा घेतला तो आरियसचा पाठिराखा असलेल्या बिशपाच्या हातून. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस तर उघडपणे नायसियाच्या विरोधात गेला. अथनेशियस एकूण पाच वेळा हद्दपार झाला.

तरीही या आरोपात एक सत्य आहे आणि ते मी झाकणार नाही. ख्रिस्ताच्या नावाने राजांनी तलवारी उपसल्या, मंडळ्यांनी त्यांना आशीर्वाद दिले. ते पाप होतं. पण त्या पापाला दोषी ठरवणारी कसोटीही ख्रिस्ताच्या प्रभुत्वातूनच येते, कारण या प्रभूने आपलं प्रभुत्व दाखवलं ते शिष्यांचे पाय धुऊन. 1934 मध्ये जर्मनीत नाझी राजवट मंडळ्या ताब्यात घेऊ लागली, तेव्हा बार्मेन इथे जमलेल्या ख्रिस्ती प्रतिनिधींनी जाहीर केलं की आमच्या जीवनाचं कुठलंही क्षेत्र येशू ख्रिस्ताऐवजी दुसऱ्या धन्याच्या मालकीचं असू शकत नाही. त्या घोषणेत यहुद्यांच्या छळाविषयी शब्द नव्हता, ही तिची मोठी उणीव, आणि ती मला सलते. तरी ‘ख्रिस्त सर्वांवर आहे’ या वाक्याचा हुकूमशहाला उपयोग झाला नाही, अडचण झाली.

“रोजच्या जगण्याशी संबंध नाही.”

पुन्हा प्लिनीकडे येतो. पहाटेच्या त्या सभेत स्तोत्रानंतर काय व्हायचं? लोक शपथ घेत: चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी विश्वासाने ठेवलेली ठेव परत मागितली तर ती नाकारणार नाही. ‘ख्रिस्त देव आहे’ आणि ‘तुझे पैसे परत देईन’ या दोन गोष्टी एकाच सभेत, एका दमात. कलस्सैकरांस पत्रातही तेच. पहिल्या अध्यायात सिंहासनं आणि अधिपती यांच्यावर असलेला ख्रिस्त तिसऱ्या अध्यायात घरात येतो: नवऱ्याने बायकोशी कडवटपणे वागू नये, बापाने मुलांना चिडवू नये. चौथ्यात धन्याला बजावलंय की तुझाही धनी स्वर्गात आहे.

हे मी वाचून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाने माझ्या एकाच कामाचे पैसे चुकून दोनदा पाठवले. त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मी तीन दिवस गप्प राहिलो. विचारलं तर देऊ, असं स्वतःला सांगत होतो. रोज सकाळी प्रार्थनेला बसायचो आणि पहिल्याच शब्दाला अडायचो. तो शब्द होता ‘प्रभू’. चौथ्या दिवशी आधी त्या माणसाला फोन केला, पैसे परत पाठवले, आणि मग प्रार्थनेला बसलो.