राऊटरला कुलूप, किल्ली पोराकडं

पोराचं नेट बंद करायला निघालेला कोल्हापुरी बाप लांबून ओळखू येतो. रात्री साडेदहाला बनियनवर, चष्मा कपाळावर, राऊटर पालथा करून तो खालच्या चिठ्ठीवरचे आकडे वाचत असतो: १९२.१६८.१.१.

आम्हा पालकांत सगळ्यात कष्टाळू पंथ हाच. आधी तो पोराच्या फोनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे वायफायवरचा ओळख नंबर, राऊटरच्या काळ्या यादीत टाकतो. दोन दिवस शांतता. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक ॲड्रेस दाखवतो, हे बापाला ठाऊक नसतं. पोरगं सेटिंगमध्ये जाऊन बनावटऐवजी खरा ॲड्रेस निवडतं आणि राऊटर "या पावणं" म्हणून त्याला आत घेतो. मग बाप उलटी यादी करतो: नोंद असेल त्यालाच नेट. पहिल्यांदा आजीचं कीर्तन बंद पडतं. पोरगं मात्र चालूच, कारण आजीच्या रिचार्जचा रोजचा दीड जीबी हॉटस्पॉटवरून त्याच्याकडंच वाहतो. आजी फितूर, हे कुठल्याच राऊटरला कळत नाही.

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात पालकांचे प्रकार पाडले. १९८३मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी माया आणि धाक ही दोन मापं धरून ते चार केले. आपल्याकडं याला पांढरा आणि तांबडा रस्सा म्हणतात. ताटात दोन्ही वाट्या हव्यात. नुसता तांबडा, किंवा दोन्ही वाट्या रिकाम्या, अशा घरांत पोरांचं नेट हाताबाहेर गेल्याचं अभ्यासांत जास्त दिसतं. अर्थात, बाप तांबडा म्हणून पोरगं नेटवर, की पोरगं नेटवर म्हणून बाप तांबडा, हे सांगणं अवघड. नुसता पांढरा वाढणाऱ्यांबद्दल काय बोलावं? ते पोराला रिचार्जही स्वतःच मारून देतात.

मानसशास्त्रज्ञ किम्बर्ली यंग यांची १९९८ची, नेटचं व्यसन तपासणारी २० प्रश्नांची चाचणी नुसते तास मोजत नाही. झोप जाते का, अभ्यास बुडतो का, विचारलं की लपवाछपवी होते का, हेही विचारते. त्यातल्या लपवाछपवीचा क्लास तांबड्या घरात फुकट चालतो.

दोन्ही वाट्यांच्या घरातला नियम साधा. साडेदहाला सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या एकाच बोर्डावर चार्जिंगला. वेळ पोराला विचारून ठरवलेली. शाहू स्टेडियमवर मॅच असेल त्या दिवशीची सवलतही आधीच बोललेली. हा नियम बहुतेक वेळा एकाच जागी फुटतो: पप्पांचा फोन उशीखाली. "गजरासाठी." गजराचं घड्याळ महाद्वार रोडला मिळतं, हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

आणि तांबडा बाप? एके दिवशी तो राऊटरचा पासवर्डच विसरतो. मागच्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबतो. पासवर्ड जातो, कंपनीनं भरलेलं युजरनेमही जातं, लाल दिवा लागतो. मग हाक कुणाला, तर त्यालाच. पोरगं पाच मिनिटांत सगळं भरतं.

"पप्पा, जुना पासवर्ड काय होता?"

"तुझी जन्मतारीख."

"ते माहिताय की. आता नवीन कुठला घालू?"