ग्रिप आपोआप बसते, पण कुठली?

नमस्कार,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं की टेबल टेनिसची बॅट कशी धरायची यावर अख्खा लेख खर्ची घालण्यात अर्थ नाही. पोराला खेळू द्यावं, ग्रिप आपोआप बसते. शिवाय मी शेकहँड (हात मिळवावा तशी पकड) गळी उतरवतो आणि पेनहोल्डला (पेन धरावं तशी पकड) एका ओळीत गुंडाळतो. तुमचा मुलगा पेनहोल्डच धरतो, त्यामुळे राग समजू शकतो.

ग्रिप आपोआप बसते हे खरंच आहे, आणि माझी तक्रार तीच आहे. नवखा हात जो फटका आधी जमतो त्याच्या सोयीची ग्रिप धरतो, मग तीच मुरते. सोसायटीच्या हॉलमध्ये खेळणाऱ्या शेकहँडवाल्या मुलांची तर्जनी बघा. ती मागच्या रबराच्या खालच्या कडेला टेकलेली हवी, पण अनेकांची रबराच्या मधोमध उभी असते. त्या आधाराने फोरहँडचा सपाट फटका झकास बसतो, म्हणून कुणाला काही खटकत नाही. बॅकहँडची वेळ आली की बॉल नेमका त्या बोटावर. नियमाने बॅटच्या हाताला मनगटाखाली लागलेला बॉल चालतो (जाईल कुठे ते देव जाणे!). मग मूल बॅकहँड टाळायला लागतं आणि समोरचा खेळाडू सगळे बॉल तिथेच टाकतो. एव्हाना बोट हलवायला सांगितलं तर जमणारा फोरहँडही बिघडतो. म्हणून सुरुवातीलाच टोकायचं.

घट्ट धरण्याचंही तसंच. मूठ आवळली की मनगट अडतं, आणि स्पिनला मनगट मोकळं लागतं.

आता पेनहोल्ड. त्याला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, तिथे जपानच्या हिरोजी सातोने पेनहोल्ड धरूनच एकेरीचं विजेतेपद नेलं. अर्थात त्याचं श्रेय ग्रिपपेक्षा बॅटवरच्या जाड स्पंजला जास्त. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची फायनल मला अधिक बोलकी वाटते, कारण दोघेही पेनहोल्डवाले होते. कोरियाचा रियू सुंग-मिन जुन्या पद्धतीचा, बॅटच्या एकाच बाजूने खेळणारा, त्यामुळे बॅकहँडच्या कोपऱ्यातला बॉलसुद्धा धावत जाऊन फोरहँडने मारणारा. चीनचा वांग हाओ बॅकहँडला बॅटची मागची बाजू वापरणारा. त्या दिवशी रियू जिंकला, पण त्याच्यासारखे पाय किती जणांकडे असतात? पुढे टिकली ती वांग हाओची पद्धत. २०२४ ला पॅरिसमध्ये एकेरीचं कांस्य जिंकणारा फ्रान्सचा फेलिक्स लेब्रुन तसाच खेळतो. त्याचा भाऊ अलेक्सिस मात्र शेकहँडवाला, म्हणजे एका घरातही दोन ग्रिप सुखाने नांदतात.

तरीही नवख्याला मी शेकहँडच सांगणार. पेनहोल्डमध्ये मागच्या बाजूने बॅकहँड मारायला मनगट बरंच वळवावं लागतं आणि ते शिकवणारा कोच सहज सापडत नाही. तुम्हाला सापडला असेल तर मुलाची ग्रिप अजिबात बदलू नका.

फक्त एक बघा: त्याच्या बॅटच्या मागे रबर आहे का? पेनहोल्डच्या काही बॅटना एकाच बाजूला असतं. रबर नसलेल्या बाजूने बॉल मारला तर पॉइंट जातो, त्यामुळे मागचा बॅकहँड शिकायचा असेल तर आधी तिथे रबर लावून घ्या. पुढचं लाल असेल तर मागे काळं.