तारीख कोण देतं, हेही राजकारणच

वकीलसाहेब, तुमचा राग पोचला. न्यायालयंही राजकीय भूमिका बजावतात असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की न्यायाधीश फक्त कायदा वाचतात, राजकारण निवडून आलेले करतात, आणि असलं लिहिल्याने लोकांचा उरलासुरला विश्वासही उडतो. वर न्यायमूर्ती खन्नांचा दाखला दिलात. तिथूनच सुरुवात करतो, कारण तो तुमच्यापेक्षा माझ्याच जास्त कामाचा आहे.

आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, पकडलेल्यांना हेबिअस कॉर्पस मागता येईल का, म्हणजे ‘ही अटक कायदेशीर आहे का ते तपासा’ असं कोर्टाला म्हणता येईल का, हा प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी दाद मागणाऱ्यांची बाजू घेतली. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं आपलं नागपूर खंडपीठही होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते दार बंद केलं. राज्यघटना तीच, जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारं कलम २१ तेच, वाचणारे सगळे कायद्यात मुरलेले. नुसतं वाचायचंच असतं तर उत्तर एकच आलं असतं ना? सत्तेपुढे किती झुकायचं, हे त्या पाच जणांनी आपापलं ठरवलं. एकटे खन्ना झुकले नाहीत आणि पुढच्याच वर्षी त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. मी राजकीय म्हणतो ते या अर्थाने. कोणत्या पक्षाचा झेंडा कोणाच्या खिशात आहे, हे मी लिहिलंच नव्हतं.

आता लेखाचा खरा मुद्दा, ज्याला तुम्ही हातच लावला नाही. निकालाइतकीच तारीखही राजकीय असते. शुक्रवार, १४ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याच खंडपीठाने माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपाखाली जन्मठेप झालेल्या प्राध्यापक साईबाबांना खटल्याच्या सरकारी मंजुरीतल्या त्रुटीवरून सोडलं. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, दिल्लीत विशेष पीठ बसलं आणि निकालाला स्थगिती मिळाली. ५ मार्च २०२४ ला याच खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. तोवर ते इथल्याच मध्यवर्ती कारागृहात होते. आणि निवडणूक रोखे? पक्षांना नाव न सांगता देणग्या देण्याची ती योजना २०१८ ची, घटनाबाह्य ठरली १५ फेब्रुवारी २०२४ ला. मधे २०१९ ची लोकसभा त्याच पैशावर लढून झाली. एका प्रकरणाला एका रात्रीत पीठ मिळतं, दुसऱ्याला वर्षानुवर्षं मिळत नाही. याला कायद्याचं वाचन कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

दिल्ली लांब वाटत असेल तर आपल्या नागपूर महापालिकेकडे बघा. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, सरकारांनी उलटेपालटे केलेले कायदे, सगळा घोळ सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला. निवडणुका घ्या, हे सांगायला मे २०२५ उजाडलं. घोळ सरकारांनीच घातला, हे मान्य. पण तारखांवर तारखा त्यांनी दिल्या नाहीत. एवढा काळ शहरावर प्रशासक, १५१ पैकी एकही नगरसेवक नव्हता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नागनदीचं पाणी घराघरांत शिरलं. एरवी लोकांनी नगरसेवकाच्या दारात जाऊन त्याला फैलावर घेतलं असतं. दारच नव्हतं, मग जनहित याचिका झाली. सांडव्यासमोरच्या विवेकानंद पुतळ्याचं काय करायचं, याचे जाब खंडपीठ अधिकाऱ्यांना विचारू लागलं. चांगलंच केलं. पण बघा बाप्पा, वरच्या कोर्टात निवडणूक अडकली म्हणून खालच्या कोर्टाला नगरसेवकाचं काम करावं लागलं. ही राजकीय भूमिका नाही तर काय?

‘मग काय न्यायाधीशांनाही मतदानाने निवडायचं?’ असं तुम्ही खोचकपणे विचारलंत. नको. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत तसं होतं, न्यायाधीश प्रचाराला देणग्या गोळा करतात. जर्मनीचा मार्ग मला बरा वाटतो: घटना न्यायालयाचे न्यायाधीश संसदेची दोन सभागृहं दोन-तृतीयांश मतांनी निवडतात, मुदत बारा वर्षं, पुन्हा संधी नाही. कोणत्याही एका पक्षाला आपलाच माणूस रेटता येत नाही. आपल्याकडे ते उद्या होणार नाही, ठाऊक आहे.

पण तारखांचं उद्याही होऊ शकतं. कोणतं प्रकरण कोणत्या पीठापुढे जाईल, हा अधिकार एकट्या सरन्यायाधीशांचा. १२ जानेवारी २०१८ ला चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली ती याच वाटपावरून. विश्वास उडवायला माझ्या ब्लॉगची गरज नव्हती. निवडणुकीला किंवा नागरिकाच्या स्वातंत्र्याला हात घालणारा कायदा आव्हानित झाला, की अमुक महिन्यांत सुनावणी, आणि नाही झाली तर लेखी कारण, एवढा नियम सर्वोच्च न्यायालय स्वतःच करू शकतं. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. यात कायद्याची अडचण दिसत असेल तर जरूर लिहा, तुम्ही रोज काळा कोट घालता, मी नाही. कॉलेजियमचा, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नवे न्यायाधीश सुचवण्याच्या पद्धतीचा, तुमचा मुद्दा मात्र वेगळा आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन.