"दिसतंय ना, मग तपासणी कशाला?" या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आपल्याकडं गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. शुगर असली तरी नीट दिसत असेल तर डोळे तपासायची गरज नाही, धूसर झालं तर चष्म्याचा नंबर बदला, डोळ्याच्या पडद्यावर लेसरचा उपचार केला की उरलेली नजर पण जाते, आणि वय झाल्यावर थोडं कमी दिसलं तर माणसाचं काय अडतं, असं त्यात लिहिलंय. चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि पहिलीनं सगळ्यात जास्त लोकांचा घात होतो.

शुगरमुळं डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, फुगतात, झिरपायला लागतात आणि हे चालू असताना डोळा ना दुखतो ना लाल होतो, पेपर पण व्यवस्थित वाचता येतो. पडद्याच्या मधोमध सूज आली किंवा आत रक्त उतरलं की मग माणूस दवाखान्यात पळतो. टाइप 2 मध्ये, म्हणजे बहुतेकांना मोठेपणी होते त्या शुगरमध्ये, तर शुगर निघायच्या आधीच काही वर्षं ती अंगात असू शकते, म्हणून निघाली की लगेच पडदा बघून घ्यायचा आणि पुढं दरवर्षी, दिसत असलं तरी.

चष्म्याचं थोडक्यात सांगतो. पडद्यावरची सूज कुठल्याच नंबरनं उतरत नाही, आणि शुगर वरखाली होत असताना नंबर पण बदलत राहतो, तेव्हा चष्मा केला की पैसे वाया.

लेसरचं भ्या लै लोकांना आहे. अमेरिकेत याचा मोठा अभ्यास झाला, 1976 ला निकाल आला, आजार पुढं गेलेल्या डोळ्यांत नजर पार जायचा धोका लेसरनं निम्म्याहून जास्त कमी झाला. हां, लेसर गेलेली नजर सहसा परत आणत नाही, आहे ती टिकवायला असतो, आणि त्यानंतर रात्रीचं किंवा कडेचं थोडं कमी दिसू शकतं, हे डॉक्टरनं आधी सांगायलाच पाहिजे. पण लोक येतातच इतके उशिरा की आजारानं गेलेली नजर पण लेसरच्या नावावर लागते.

आता "काय अडतं" याचं. एकतर हा आजार म्हातारपणाची वाट बघत नाही. माझे मामा परभणीकडं शेती करतात, पन्नाशी नुकतीच ओलांडली. इन्सुलिनच्या पेनवर 16 आहे का 18 ते दिसत नाही म्हणून पेन कानाजवळ धरून टकटक मोजतात, मध्येच कुणी बोललं की परत शून्यापासून. मोंढ्यात काट्यावरचा आकडा दुसऱ्याला विचारावा लागतो. पायाला जखम झाली तर बधिरपणामुळं कळत नाही आणि नजरेमुळं दिसत पण नाही, मामी रोज संध्याकाळी तळवे बघती. लग्नाकार्याला जाणं त्यांनी बंदच केलं, कारण समोरून येणाऱ्याचं तोंड ओळखू येत नाही आणि रामराम घातला नाही म्हणून पाहुणे रुसतात. नजरेमुळं जगण्यात काय फरक पडला हे मोजायला डॉक्टर लोक 25 प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, त्यात हेच विचारलेलं असतं, तुमच्या बोलण्यावर समोरच्याचा चेहरा कसा झाला ते दिसतं का, दुसऱ्यावर किती अवलंबून राहावं लागतं, चारचौघांत लाज वाटेल असं काही हातून होईल याची काळजी वाटते का. म्हणजे हे अडणं खरं आहे, मामांचे लाड नाहीत.

तपासणीला बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकतात, काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही, त्यामुळं गाडी स्वतः चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, या सगळ्या सरकारी मेडिकल कॉलेजांत डोळ्याचा विभाग आहे. शुगर-बीपीचे जुने रिपोर्ट सोबत न्या आणि "शुगर आहे, पडदा बघायचाय" असं स्पष्ट सांगा, नाहीतर नुसता नंबर काढून घरी यायला होतं.