निवडलेल्या मेथीचे पैसे

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालू आहे. दादाने मुलुंडच्या मॉलमधलं बिल टाकलं, किन्वा, ओट्स, नाचणी चिप्स, मल्टिग्रेन ब्रेड, आणि खाली लिहिलं की हेल्दी खाणं आपल्यासारख्यांना परवडत नाही. बाबांचं उत्तर, ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खा, मॉलमध्ये जायला सांगितलंय कोणी. मी ११ वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतेय आणि मला दोघांचंही अर्धंच पटतं.

दादाच्या बिलात महाग काय आहे, तर पाकिटं. २०२३ मिलेट वर्ष झालं तेव्हापासून नाचणी कशाकशावर छापून येते, पण पाकीट उलटं करून घटक वाचा, जे जास्त ते आधी लिहावं लागतं, मी घरी पाहिलेल्या दोन्ही पाकिटांवर पहिलं नाव मैद्याचं होतं. त्यापेक्षा वाण्याकडची अख्खी नाचणी चक्कीवरून दळून आणा, १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे. आणि एमआरपीजवळ बारीक अक्षरात ग्रॅममागचा भाव असतो हल्ली, तो बघत जा, मला ती सवय इथे लागली कारण इथे शेल्फवरच तो लावलेला असतो.

पण बाबा, भाकरी थापणार कोण आणि भाजी निवडणार कोण? डिसेंबरमध्ये मी आले होते तेव्हा वहिनीबरोबर संध्याकाळच्या स्लो लोकलने येत होते, समोरची बाई मांडीवर मेथीची जुडी घेऊन पानं एका पिशवीत आणि देठं दुसऱ्या पिशवीत टाकत होती, घाटकोपर येईपर्यंत अख्खी जुडी निवडून झाली, तोवर तिने मान वर केली नाही. मुलुंडला उतरल्यावर वहिनीने निवडलेल्या गवारीचं पाकीट घेतलं आणि पर्सच्या तळाशी ठेवलं. घरी कोणाला सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं त्याचं, अजून वाटतं.

इथे मी छोल्यांचा ४०० ग्रॅमचा डबा घेते तेव्हा पाणी काढल्यावर हातात २४० ग्रॅमच येतात, सुके छोले मेल्टन रोडवरून आणून भिजवले तर कितीतरी स्वस्त, हे मला माहीत आहे आणि रविवारी मी तेच करते, कुकरला लावून फ्रीझरमध्ये टाकते. पण उशिराची शिफ्ट असलेल्या आठवड्यात सरळ डबा उघडते, फ्रोजन पालक टाकते, वीस मिनिटांत जेवण तयार, आणि ते पण हेल्दीच असतं ना. डबा का आणला म्हणून मला इथे कोणी विचारत नाही.

म्हणून दादा, बजेट करायचंच तर चिप्स आणि किन्व्याचे पैसे काढ आणि निवडलेल्या भाजीला दे, ती चैन नाहीये. आणि बाबा, तुम्ही दुपारी घरीच असता, मेथीची एक जुडी पेपर वाचता वाचता निवडून होते.

वहिनी या सगळ्यावर ग्रुपवर अजून एक अक्षर बोललेली नाही.