एकच ड्रायव्हर, हवं ते खोकं? नाही, असं चालत नाही

घरी स्पीकर बनवायचं मनात आणलेल्या प्रत्येकाच्या कानावर एक सल्ला कुठून ना कुठून येतोच. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘क्रॉसओव्हरने आवाजाचा जीव जातो. ८ इंची फुल-रेंज ड्रायव्हर घ्या, मॅग्नेट जितका मोठा तितका उत्तम. कुठल्याही चांगल्या लाकडी खोक्यात बसवा, २० ते २०,००० हर्ट्झ सगळं मिळेल. सुरुवातीला कानाला टोचलं तर शंभर तास वाजू द्या, आपोआप मऊ होईल. पाच वॉटचा ॲम्प भरपूर झाला. आणि त्याला दुसरा ड्रायव्हर कधीही जोडू नका.’ (ड्रायव्हर म्हणजे मॅग्नेटच्या जोरावर कागदी शंकू, म्हणजे कोन, हलवून आवाज काढणारा भाग. फुल-रेंज म्हणजे खालपासून वरपर्यंतचे स्वर एकट्याने वाजवणारा ड्रायव्हर. क्रॉसओव्हर म्हणजे खालचे आणि वरचे स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरकडे वाटून देणारं सर्किट.)

मी स्वतः फुल-रेंजचा भक्त आहे. घरात रोज जी जोडी वाजते तिच्यातला गाण्याचा बहुतेक भाग एका ३ इंची ड्रायव्हरमधून येतो. म्हणूनच हा सल्ला मला इतका खुपतो. ओळखीतल्या एका मुलाने तो शब्दशः पाळला. कित्येक महिन्यांची बचत दोन ८ इंची ड्रायव्हरवर घातली, जुन्या कपाटाच्या फळ्यांची खोकी केली, पहिला अभंग लावला आणि पंधरा मिनिटांत बंद केला. आवाज किंचाळत होता, डग्गा गायब होता. ‘फुल-रेंज म्हणजे फसवणूक,’ तो म्हणाला. फसवणूक ड्रायव्हरने केली नव्हती, सल्ल्याने केली होती.

क्रॉसओव्हरपासून सुरुवात करू, कारण त्यात बरंच खरं आहे. टू-वे, म्हणजे दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये साधारण २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज खालचे स्वर वाजवणाऱ्या वूफरकडून वरचे स्वर वाजवणाऱ्या ट्वीटरकडे सोपवला जातो. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तोही २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. ३ किलोहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर. दोन ड्रायव्हरच्या केंद्रांत तेवढंच अंतर असलं तर तुम्ही खुर्चीत बसलात की एक आवाज आणि उभे राहिलात की दुसरा, असं होऊ शकतं. फुल-रेंजमध्ये हा सांधाच नाही. गाणाऱ्याचा आवाज एका जागेवरून येतो आणि ते सुख खरंच वेगळं आहे.

पण सांधा नाही म्हणजे दोष नाही, हे कुठून आलं? ८ इंची फुल-रेंजच्या मधोमध दिसणारा छोटा कागदी कोन, ज्याला व्हिझर म्हणतात, तो म्हणजे एक क्रॉसओव्हरच आहे. फरक इतकाच की तो तारांचा नसून कागदाचा आहे. इंग्लंडमधल्या पॉल व्हॉइट यांनी हा जोडकोन १९३०च्या दशकात आणला. वरच्या पट्टीत मोठा कोन मागे राहतो आणि छोटा कोन काम करतो. मधल्या भागात दोघंही हलतात, कधी एकमेकांच्या विरुद्ध, आणि तिथे आवाजाच्या आलेखात सुळके नि खड्डे पडतात. तारांच्या क्रॉसओव्हरमधली कॉइल बदलता येते, कागदी क्रॉसओव्हरचा डिंक तुम्ही कसा बदलणार?

उलट बाजूही पाहा. बीबीसीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा चिमुकला टू-वे मॉनिटर, म्हणजे ध्वनी तपासण्याचा स्पीकर, तयार केला. त्याचा क्रॉसओव्हर घटकांनी गच्च भरलेला आहे. तरीही मानवी आवाज खरा ऐकवण्याबद्दल त्याचं नाव आजही घेतलं जातं. आणि क्रॉसओव्हर नसलेला सर्वांत प्रसिद्ध स्पीकर कोणता? बोसचा १९६८चा ९०१. साडेचार इंची नऊ फुल-रेंज ड्रायव्हर, एकही क्रॉसओव्हर नाही, पण सोबत दिलेल्या इक्वलायझरशिवाय तो वापरायचाच नव्हता. दुरुस्ती टळत नाही, तिची जागा बदलते.

घरगुती फुल-रेंजमध्ये ही दुरुस्ती कुठे लागते ते सांगतो, कारण त्या मुलाचा स्पीकर किंचाळत होता त्याचं निम्मं कारण इथे आहे. उंच स्वर खोक्याच्या पुढच्या फळीवरून, म्हणजे बॅफलवरून, समोरच फेकले जातात. खालचे स्वर बॅफलला वळसा घालून मागेही पसरतात. त्यामुळे समोर बसलेल्याला खालचा भाग कमी मिळतो, मोकळ्या जागेत ६ डेसिबलपर्यंत कमी. हा बदल कुठे घडतो याचा सोपा हिशोब आहे: ११५ ला बॅफलच्या मीटरमधल्या रुंदीने भागा. २५ सेंटिमीटर रुंदीला ४६० हर्ट्झ येतात. त्याच्या खाली आवाज हळूहळू ओसरतो आणि वरचा भाग अंगावर येतो. टू-वेचा अभ्यासू रचनाकार हे क्रॉसओव्हरमध्येच सावरून घेतो. फुल-रेंजवाल्याने ते स्वतः करायचं असतं: ८ ओहमच्या ड्रायव्हरच्या ओळीत दीड मिलिहेन्रीची कॉइल, तिला समांतर ४.७ ओहमचा रेझिस्टर. वरचा भाग सुमारे ४ डेसिबलने खाली येतो आणि गाणं जागेवर बसतं. स्पीकर भिंतीला लागून असेल तर याहून कमी पुरतं. हे दोन घटक जोडणं म्हणजे पाप आहे असं मानणाऱ्यांनी एकदा जोडून, एकदा काढून, तोच अभंग ऐकावा.

२० ते २०,०००चा दावा तर साध्या गणितात टिकत नाही. आवाज म्हणजे ढकललेली हवा. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनला चौपट हलावं लागतं. बंद खोक्यातला ४ इंची ड्रायव्हर घ्या, ज्याच्या कोनचं क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर असतं. तो मोठ्या भिंतीत बसवला आहे असं धरलं, तरी एक मीटरवर ९० डेसिबल देण्यासाठी १६० हर्ट्झला कोन ०.८ मिलिमीटर हलतो, ८० हर्ट्झला साडेतीन आणि ४० हर्ट्झला साडेतेरा. तेही फक्त एका बाजूला. जपानच्या फॉस्टेक्सचा एफई१०३ हा ४ इंची ड्रायव्हर १९६०च्या दशकापासून वेगवेगळ्या आवृत्त्यांत निघतो आहे आणि जगभरच्या छंदिष्टांचा लाडका आहे. त्याच्या एफई१०३ईएन या आवृत्तीचा एक्समॅक्स, म्हणजे कोनची शिस्तीत राहणारी हालचाल, एक मिलिमीटरसुद्धा नाही. साडेतेरा कुठून आणणार?

मग ८ इंची घेतला की सुटलं? खालच्या बाजूला हो, ४० हर्ट्झला हालचाल साडेतीन मिलिमीटरवर येते. पण वर वेगळीच अडचण उभी राहते. ध्वनीची तरंगलांबी कोनच्या व्यासाइतकी झाली की आवाज पसरायचा थांबून टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो. ८ इंचीला हे सुमारे २ किलोहर्ट्झलाच घडतं, ३ इंचीला ५ किलोहर्ट्झच्या वर. म्हणजे ८ इंची एकट्यासमोर ठेवून ऐकायचा स्पीकर आहे. घरातल्या चौघांनी सोफ्यावर बसून ऐकायचं तर कडेच्या दोघांना झांजा बोथट ऐकू येणार.

मग एवढ्याशा ४ इंचीवर तानपुरा छान का लागतो, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रश्न चांगला आहे. काळी एक ही पट्टी धरली तर पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला असते, आणि ती मूळ कंपनं ४ इंची क्वचितच देतो. पण जवारीमुळे त्या तारेतून वरच्या स्वरांशांची अख्खी माळ उठते. ती माळ नीट पोहोचली की न वाजलेला मूळ स्वर मेंदू स्वतःच पुरवतो. डग्ग्याचं तसं नाही. त्याच्या घुमाऱ्यात वरच्या स्वरांशांची अशी रांग नसते. तळहाताने दाबून काढलेली मींड मूळ कंपनातच असते आणि ती स्पीकरने दिली नाही तर कोणी देत नाही. फुल-रेंज ऐकून घेताना म्हणूनच नुसता तानपुरा-गायन लावू नका, विलंबित ठेका लावा.

आता ‘कुठलंही खोकं’ आणि ‘मोठा मॅग्नेट’. हे दोन्ही दावे एकत्रच कोसळतात, कारण ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ड्रायव्हर आणि खोकं यांचं नातं काही मोजक्या आकड्यांत बांधून दिलं. त्यातले तीन कळले तरी निम्मी लढाई जिंकली. एफएस म्हणजे कोन ज्या कंपनसंख्येला स्वतःहून डोलतो ती. व्हीएएस म्हणजे कोनच्या लवचिकतेइतकी लवचीक असलेली हवा, लिटरमध्ये. आणि क्यूटीएस म्हणजे ते डोलणं किती आवरलेलं आहे. आकडा लहान तर लगाम घट्ट. मॅग्नेट ताकदवान झाला की हा लगाम आणखी आवळला जातो.

एफई१०३ईएनचे आकडे घ्या: एफएस सुमारे ८०, व्हीएएस सुमारे ६ लिटर, क्यूटीएस सुमारे ०.३३. बंद खोक्यात कुठेही फुगवटा न येता उतार हवा तर खोकं निघतं जेमतेम १.७ लिटरचं, आणि आवाज ओसरायला लागतो १७० हर्ट्झलाच. आता एफएस आणि व्हीएएस तेच ठेवून क्यूटीएस ०.६ असलेला, म्हणजे कमजोर मॅग्नेटचा ड्रायव्हर कल्पा. त्याला खोकं लागतं सुमारे १५ लिटरचं आणि तो उतरतो ९४ हर्ट्झला. म्हणजे जवळजवळ एका सप्तकाचा फरक, आणि तोही लहान मॅग्नेटच्या बाजूने. ताकदवान मॅग्नेटचा ड्रायव्हर वाईट नसतो. तो मागे लांब हॉर्न (भोंग्यासारखी रुंदावत जाणारी वाट) असलेल्या कॅबिनेटसाठी केलेला असतो, जिथे खालचा आवाज हॉर्न वाढवतो. कपाटाच्या फळ्यांच्या खोक्यासाठी तो नाहीच. उघड्या फळीवर, मागे खोकंच न लावता वाजवायचं असेल तर क्यूटीएस ०.७च्या आसपास किंवा वर पाहा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुने, सुटे ड्रायव्हर मिळतात, त्यांच्यासोबत आकड्यांचा कागद नसतो. दुकानदार मॅग्नेट हातात देऊन वजन करायला सांगतो. ते वजन काहीच सांगत नाही. घरी आणून मोजा: संगणकावर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर, १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि थोडी वायर एवढ्यावर इम्पिडन्सचा, म्हणजे कंपनसंख्येनुसार बदलणाऱ्या वीजरोधाचा, आलेख निघतो, त्यातून एफएस आणि क्यूटीएस मिळतात. व्हीएएससाठी कोनवर काही ग्रॅम माती चिकटवून पुन्हा मोजायचं. ती माती सोनाराच्या काट्यावर तोलून आणली की आकडा भरवशाचा येतो. एक संध्याकाळ जाते, पण प्लाय कापण्याआधी जाते. प्लायवुडबद्दल एवढंच: १८ मिलिमीटर, आयएस ७१०चा (मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का असलेलं, आणि मोठ्या फळ्यांना आतून आडवी पट्टी.

शंभर तास वाजवण्याबद्दल फार लिहीत नाही. नव्या ड्रायव्हरची कडा आणि स्पायडर (कोनला मागून धरणारी लवचीक चकती) पहिल्या काही तासांत सैल होतात, एफएस थोडा खाली येतो, व्हीएएस त्याच कारणाने वाढतो, आणि खोक्यात या दोन्हींचा परिणाम बराचसा एकमेकांना खाऊन टाकतो. व्हिझरचा ७-८ किलोहर्ट्झचा सुळका मात्र जागचा हलत नाही. शंभर तासांत सवय होते ती कानाला.

पाच वॉटचं मात्र मी मान्य करतो, एका अटीवर. एक वॉटला ८९ डेसिबल देणारा ड्रायव्हर पाच वॉटला ९६ देतो. वर सांगितलेली दुरुस्ती केली की ९२ धरा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या खोलीत गायन ऐकायला ते खरोखर पुरतं. दिवाणखाना मोठा असेल किंवा पखवाज मनापासून ऐकायचा असेल तर नाही. व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, ॲम्पचा मुद्दाही इथेच येतो. फीडबॅक नसलेल्या छोट्या व्हॉल्व्ह ॲम्पचा अंतर्गत रोध दोन-तीन ओहम असू शकतो. त्याने लगाम सैल होतो आणि ०.३३ चा क्यूटीएस ०.४५ च्या आसपास असल्यासारखा वागतो. त्यामुळे ‘व्हॉल्व्हवर खालचा आवाज भरला’ असं सांगणारे खरं सांगत असतात. व्हॉल्व्हऐवजी तोच रोध तारेत घातला तरी जवळपास तसंच घडतं.

उरला ‘दुसरा ड्रायव्हर कधीही जोडू नका’ हा हुकूम. फुल-रेंजची खरी ताकद मधल्या पट्टीतला अखंडपणा ही आहे. मग सांधा तिथून हलवून २५० हर्ट्झला नेला तर? तिथे तरंगलांबी जवळजवळ एक मीटर चाळीस. वीस सेंटिमीटरवरचे दोन ड्रायव्हर तिथे एकासारखेच वागतात, बसा किंवा उभे राहा. ३ इंचीला ९० डेसिबलसाठी तिथे ०.६ मिलिमीटर हलावं लागतं, मोकळ्यावर उभ्या खोक्यात फार तर १.२. खालच्या ठोक्यांनी त्याचा कोन हेलकावत नाही, त्यामुळे गाणाऱ्याची तान गढूळ होत नाही. माझ्या जोडीत २५० च्या खाली ८ इंची वूफर आहे, स्वतःच्या बंद खोक्यात, स्वतःच्या ॲम्पवर, आणि विभागणी ॲम्पच्या आधी होते. काल रात्री विलंबित लावलं होतं. खर्जाची तार वूफरमधून येत होती, जवारी ३ इंचीतून, आणि दोन्ही एकाच भोपळ्यातून उठल्यासारखे ऐकू येत होते.