वाचवलं तर गुन्हा, उडवलं तर कार्यक्षम

सरकारी ग्रँटवर चालणाऱ्या ऑफिसात चिकटलं की पहिल्याच वर्षी एक गोष्ट कळते, इथे पैसे वाचवायचे नसतात. मस्करी नाही करत. वर्षभर काटकसर करा, जुना प्रिंटर दुरुस्त करून वापरा, एसी लागला नाही म्हणून घेऊ नका, आणि थोडी ग्रँट उरली ना, तर शाबासकी सोडाच, वरून पत्र येतं की निधी अखर्चित का राहिला, खुलासा करा. आणि पुढच्या वर्षी तेवढेच पैसे कापून येतात, कारण तुम्हाला गरजच नव्हती म्हणे! मग कोण येडा वाचवेल सांगा.

म्हणून फेब्रुवारी सरला की सगळ्यांच्या अंगात येतं. जे साहेब अख्खं वर्ष एका एक्स्टेन्शन बोर्डच्या फाइलवर 'चर्चा करावी' लिहून फाइल खाली पाठवत होते तेच आता टेबलाटेबलाशी येऊन विचारतात, काय काय हवंय, लवकर सांगा, 31 मार्चला पैसे लॅप्स होतील, म्हणजे परत जातील. काय हवंय हा प्रश्न सुद्धा नसतो खरं तर, बॅलन्स किती आहे ते आधी बघायचं आणि मग तेवढ्या रकमेची गरज शोधून काढायची. मागच्या मार्चला आलेल्या यूपीएसचे खोके जिन्याखाली तसेच पडलेत, थर्माकोल पण काढलेला नाही, वॉरंटी तिथेच पडल्या पडल्या संपत आली, आणि यावर्षी पुन्हा यूपीएस. का तर त्याचं स्पेसिफिकेशन तयार आहे, नवीन टाइप करत बसायला वेळ नाही.

आणि ती तीन कोटेशनं! नियम कशासाठी आहे तर व्हेंडरांमध्ये स्पर्धा व्हावी म्हणून. इथे तिन्ही कोटेशनं एकाच माणसाच्या बॅगेतून निघतात. लेटरहेड तीन, शिक्के तीन, सह्यांची शाई पण वेगवेगळी, एवढी मेहनत घेतात, पण 'वॉरंटी'चं स्पेलिंग तिन्हीत एकाच जागी चुकलेलं. आपल्याला दिसतं ते, सही करणाऱ्याला दिसत नाही. रक्कम मोठी होऊन टेंडर काढायची वेळ आली की तुकडे पाडायचे, आज अर्धा माल, परवा अर्धा. टेंडर टाळायला खरेदीचे तुकडे पाडू नका असाही नियम आहे बरं का, आणि सगळ्यांना तो पाठ आहे, तुकडे पाडताना तर जास्तच.

पण माझं डोकं खरं फिरतं ते बिलाच्या मागच्या शिक्क्यावर. 'माल चांगल्या स्थितीत मिळाला, स्टॉक रजिस्टरच्या पान नंबर अमुकवर नोंद घेतली.' 31 मार्चला हा शिक्का मारून सही होते, पान नंबर पण टाकला जातो, आणि माल? माल व्हेंडरच्या गोडाऊनमध्ये, किंवा तिथे पण नाही, अजून कंपनीतून निघायचाय. एप्रिलमध्ये कधीतरी टेम्पो येतो, तेव्हा मॉडेल वेगळं निघतं, मग कोण बोलणार, चांगल्या स्थितीत मिळाल्याची सही तर आधीच झालीये! आणि त्याच जोरावर उपयोगिता प्रमाणपत्र वर जातं की निधी मंजूर कारणासाठीच शंभर टक्के खर्च झाला.

नियम नाहीत असं कोणी म्हणू नका. केंद्राच्या 2017 च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये स्पष्ट लिहिलंय की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची झुंबड हा आर्थिक शिस्तीचा भंग समजावा. अर्थ मंत्रालयाने मर्यादा पण घातलीये, शेवटच्या तिमाहीत बजेटच्या 33 टक्के आणि मार्चमध्ये 15 टक्क्यांच्या वर जायचं नाही. पण ग्रँटचा शेवटचा हप्ता वरूनच उशिरा सोडायचा आणि खाली सांगायचं झुंबड करू नका, हे कसलं लॉजिक? कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांच्या, रिपोर्टांत हाच मुद्दा पुन्हा पुन्हा येतो, पॅरा म्हणजे लेखी आक्षेप निघतो, उत्तर जातं, 'यापुढे दक्षता घेण्यात येईल', झालं. आणि हे आपल्याकडेच आहे असंही नाही, अमेरिकेत सरकारी वर्ष 30 सप्टेंबरला संपतं, तिथल्या कंत्राटांचा अभ्यास 2017 साली छापून आला, शेवटच्या आठवड्यातला खर्च एरवीच्या आठवड्याच्या जवळपास पाचपट आणि त्या घाईत घेतलेल्या आयटी प्रोजेक्टांचा दर्जाही कमी. म्हणजे माणसं सगळीकडे सारखीच, पण म्हणून आपण गप्प बसायचं का?

लाच, टक्केवारी, खोटी टीए म्हणजे प्रवासभत्त्याची बिलं, बायोमेट्रिकवर अंगठा लावून घरी जाणं, त्याबद्दल लिहायला बसलो तर रात्र पुरायची नाही, आणि त्याला निदान सगळे चोरी तरी म्हणतात. याला मात्र चोरी म्हणत नाहीत, याला म्हणतात 'शंभर टक्के निधी खर्च', मीटिंगमध्ये टाळ्या वाजतात, ज्याने 70 टक्के खर्च करून काम पूर्ण केलं तो खाली मान घालून बसतो.

आणि बोललं की अकाउंट सेक्शनवाल्यांचं ठरलेलं वाक्य, 'तुला काय करायचंय, तुझ्या खिशातून जातायत का?' अरे हो, जातायत! त्याच अकाउंट सेक्शनने फेब्रुवारीच्या पगारातून राहिलेला सगळा टॅक्स एका फटक्यात कापलाय माझा, माझं अर्धं बजेट कोलमडलं, आणि त्याच सेक्शनमध्ये बसून तुम्ही म्हणताय कोणाच्या खिशातून जातायत. बाकीचे तर बोलत पण नाहीत, कारण खरेदी समितीत आज ना उद्या आपलंही नाव येणार, सही करावी लागणार, कशाला वाकडं घ्या. प्रोबेशनवरच्या पोरांना तर मुद्दाम समितीत घेतात, ती कशालाच नाही म्हणत नाहीत.

आता एप्रिल उजाडलाय. प्रिंटरचा टोनर संपलाय, मागणीपत्र दिलं तर उत्तर आलं, नवीन ग्रँट अजून आलेली नाही, थांबावं लागेल. जिन्याखालचे खोके मात्र तिथेच आहेत, दोनाचे पाच झालेत.